घोडा आणि चापान

थंडी सरायच्या सुमाराला आमची तांबडी घोडी गाभडली. शिंगरू पोटात पुरतं वाढलेलं होतं. खूर मऊ, अंगावर ओली लव. माझा नवरा कुबात गुडघ्यावर बसून त्याचं तोंड पुसत राहिला, जणू पुसल्यावर ते श्वास घेणार होतं. पाठोपाठ घोडीही गेली. ओढ्याच्या काठाला आडवी झाली आणि मान लांब करून पाण्याकडे बघत मेली. पाण्याकडे बघत, असं मी म्हणते. सासरे म्हणाले, मरणारं जनावर कुठेतरी बघणारच.

सासऱ्यांचं नाव सांगणार नाही. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. मेल्यावरही घेत नाही. माझ्या सासऱ्यांच्या नावात एका रानटी जनावराचं नाव आहे, त्यामुळे ते जनावर मेंढ्यांत शिरलं तरी मी आपली "तो ओरडणारा आला, तो ओरडणारा आला" म्हणून बोंबलायची. शेजारची जिपारकाकू पोट धरून हसायची. "तो मेंढी घेऊन जाईल गं, पण तुझी रीत काही मोडणार नाही!" मी त्यांना आबा म्हणायचे. गावाचे ते आक्साकाल, म्हणजे पांढऱ्या दाढीचे पंच. भांडणं त्यांच्यापुढे यायची आणि बहुतेक मिटूनच जायची.

ओढा पूर्वी असा नव्हता. मी लग्न होऊन आले तेव्हा बर्फ वितळलं की पाणी असं यायचं की तळाचे दगड मोजावेत. आता ते निळसर-हिरवं येतं, कडेला चरबीचा फेस, मध्ये केसांचे पुंजके. वर, ओढा जिथे सुरू होतो तिथे, कातडी कमावायचा कारखाना आहे. तो आबांच्या भाच्याचा, एल्दियारचा. ती जागाही आमचीच, आबांचं वसंतातलं कुरण. आमच्यात भाचा मामाच्या घरात येऊन बोट दाखवेल ती वस्तू मागू शकतो, आणि मामानं नाही म्हणायचं नसतं. बाकीचे भाचे लगाम मागतात, फार तर शिंगरू. एल्दियारनं ओढ्याचा उगम मागितला.

आबांनी दिला. बहीण लवकर गेली म्हणून तो आमच्याच घरात वाढला होता; आबांनीच त्याला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं होतं. कारखान्याला अर्धा पैसा सरकारनं घातला, कर माफ केला, वीज स्वस्तात दिली. अट एवढीच की घाण पाणी तळ्यात सोडून साफ करायचं. पाणी नासवलं तर सरकारचा पैसा परत करायचा आणि गावाचं नुकसान भरून द्यायचं. उद्घाटनाला हे भोंग्यावरून वाचून दाखवलं होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या, आबांनी दोन्ही तळवे पसरून दुवा दिली. तळ्यावरचा पंप त्या दिवशी चालला तेवढाच.

मेलेल्या घोडीचं कातडं कुबातनं सोललं. मीठ चोळून, गुंडाळी करून आम्ही ते गाडीवर टाकलं आणि कारखान्याच्या फाटकाशी नेलं. नेणार कुठे? आसपास कातडं घेणारा दुसरा कोणी उरलाच नव्हता.

फाटकावरच्या माणसानं ते जमिनीवर पसरलं, बुटाच्या टोकानं पोटाकडची बाजू ताणून बघितली.

"पातळ झालंय. दुसऱ्या प्रतीचं."

"तुमचंच पाणी पिऊन पातळ झालंय," कुबात म्हणाला.

"मग आमचाच माल परत आणलास म्हण की!" तो हसला, आणि आतली दोन पोरंही हसली.

कुबातनं त्यानं दिले तेवढे पैसे घेतले. मी घोड्याचा लगाम धरून तारेच्या कुंपणातून आत बघत होते. तळं कोरडं ठाक. तळाचं काळं प्लास्टिक फाटून वाऱ्यावर फडफडत होतं, आणि तळ्याच्या शेजारूनच एक जाड नळ सरळ ओढ्याकडे गेला होता. झाकलेलासुद्धा नव्हता. कोणापासून झाकायचा?

वसंत आला तशा उरलेल्या घोड्या व्याल्या, पण दूध धड येईना. पहाटेपासून मी शिंगरू लावायचे, सोडवायचे, गुडघ्यावर बादली टेकवून पिळायचे. बोटं दुखून यायची आणि बादलीचा तळ जेमतेम झाकायचा. तेवढंच चामड्याच्या पिशवीत घालून घुसळायचं, आंबवायचं, आणि कुमीस म्हणून हमरस्त्याच्या कडेला विकायला बसायचं. एकदा शहरातली एक गाडी थांबली. माणसानं वाडगा तोंडाला लावला, चांगला अर्धा प्यायला, मग विचारलं, "कुठल्या गावचं?" मी सांगितलं. त्यानं तोंडातला घोट माझ्या पायाशी थुंकला. बायको आतून ओरडली, "अहो, ते कारखान्याखालचं! सांगितलं होतं ना तुम्हाला!" वाडगा त्यानं मातीत ठेवला, माझ्या हातात दिला नाही. आमच्यात अन्नाचं भांडं कुणी जमिनीवर ठेवत नाही.

घोड्यांना ओढ्यावर जाऊ द्यायचं नाही म्हणून प्यायचं पाणी आम्ही खालच्या जुन्या कब्रस्तानाजवळच्या विहिरीवरून आणायचो. आम्ही म्हणजे मी. पुरुषानं बादल्या वाहिल्या तर गाव हसतं. हातगाडी त्या चढावर चढत नाही, त्यामुळे खांद्यावर कावड. जिपारकाकू म्हणायची, "बुरुल, तुझा एक खांदा खाली आलाय बघ, तिरकी चालायला लागलीस."

कुबात आणि मी जिल्ह्याच्या समितीकडे तक्रार केली. आम्हाला काही महाल नको होता. भरपाईतून वाडीत एक खोल बोअर मारून मिळाली, जनावरांना चांगलं पाणी मिळालं, की घोड्या राहणार होत्या. नाहीतर घोड्या विकायच्या आणि कुबातनं रशियात बांधकामावर जायचं, गावातल्या निम्म्या नवऱ्यांसारखं. जिपारकाकूचा मुलगा असाच गेला. त्याची बायको आता फोनला नवरा म्हणते. उन्हाळी कुरणावर निघायच्या आधी सुनावणी होती. समितीची माणसं येऊन बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेली होती, आणि त्यातल्या एकानं कुबातला हळूच सांगितलं होतं, "केस तुमचीच आहे. फक्त माघार घेऊ नका."

सुनावणी दोन दिवसांवर आली आणि एल्दियार आमच्या अंगणात आला.

एक उमदा करडा घोडा दोरीनं धरून, स्वतः पायी. हातावर घडी केलेला निळा मखमली चापान, रजईसारखा शिवलेला, गळ्याला आणि खालच्या काठाला सोनेरी कलाबतू. मागे एक माणूस जिवंत मेंढा ओढत होता, आणि आणखी एक शहरी पोशाखातला माणूस हातात फोन धरून.

आबा उंबऱ्यात उभे राहिले. त्यांचे डोळे एकदम पाणावले. ज्याच्या हातून अपराध झाला, तो घोडा आणि चापान घेऊन दारात येतो. ही आमची फार जुनी रीत आहे. घोडा आणून तो सांगतो, चुकलं माझं. आणि चापान अंगावर चढला की पुढे बसून नुकसानीचं बोलायचं. दुवा सगळ्यात शेवटी; ती दिली की भांडण मिटलं. आबांनी आयुष्यभर अशी भांडणं मिटवली होती. आता त्यांच्याच दारात घोडा आला होता, आणि घेऊन आलेला त्यांच्याच हातावर वाढलेला.

"आलास?" आबा म्हणाले. "मला ठाऊक होतं तू येशील. हे कुबात आणि बुरुल उगाच कागद नाचवतायत."

"मामा, तुमच्याशिवाय मला आहे कोण?" एल्दियार म्हणाला आणि त्यानं वाकून चापान आबांच्या खांद्यावर घातला. फोनवाला दोन पावलं पुढे आला.

मेंढा कापला. मी चूल पेटवली, पीठ मळलं, बोरसोक तळले, चहा ओतत राहिले. सून चहा ओतते आणि गप्प बसते. बाहेर कुबात मांस तोडत होता. मी त्याच्याजवळ जाऊन म्हटलं, "तो माणूस फोनमध्ये चित्र घेतोय."

"आठवण म्हणून घेत असेल."

"अरे, आठवण कसली? परवा सुनावणी आहे."

"मग? घोडा आणलाय म्हणजे कबूल केलंय. आता आबा बोलतील."

"आधी बोलायला सांग त्यांना. दुवा मग."

कुबातनं सुरी थांबवली नाही. "आबांना रीत मी शिकवू?"

मी परत आत आले. मेंढ्याचं डोकं आबांपुढे ठेवलं होतं. आबांनी कान कापून एल्दियारला दिला, जसा घरातल्या लहानाला देतात. तो लहान नाही, त्याचं पोट पट्ट्यावरून खाली येतं; पण त्यानं दोन्ही हातांनी घेतला.

"आता घोड्यांचं आणि पाण्याचं बोलू," आबा म्हणाले.

"बोलू ना मामा. तुम्ही म्हणाल ते. बोअर काय, पाइप काय. पण आधी दुवा द्या. आईच्या नावानं द्या. मन मोकळं होऊ दे, मग काय बोलायचं ते बोलू."

बहिणीचं नाव निघालं आणि आबा विरघळले. मी किटलीचं झाकण मुद्दाम खाली पाडलं. खणखण वाजत ते दाराशी गेलं. आबांनी माझ्याकडे रागानं बघितलं, आणि मी झाकण उचलेपर्यंत त्यांनी तळवे वर केले होते. सगळ्यांनी केले. आबा सावकाश बोलत होते, घराला बरकत, मनात किल्मिष नको, जे झालं ते पाण्याबरोबर जाऊ दे. शेवटी सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. फोनवाल्यानंही एका हातानं फिरवला. दुसरा हात मोकळा नव्हता.

मग एल्दियारला कसलासा फोन आला आणि त्याला घाईनं जावं लागलं. "परवा समितीसमोरच बोलू मामा," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर. म्हणजे पक्कं."

संध्याकाळी आबा नव्या घोड्याला ओढ्यावर घेऊन गेले. घोड्यानं नाक खाली नेलं, फुरफुरला आणि मागे सरला. आबांनी लगाम ढिला सोडला, शीळ घातली, मानेवर थोपटलं. घोडा पाय रोवून उभा. कारखान्यातल्या तबेल्याला बोअरचं पाणी आहे, त्याला आमच्या ओढ्याची सवय कुठून असणार? आबा परत आले आणि मला म्हणाले, "सूनबाई, याला विहिरीचं पाणी आणून दे." मी कावड उचलली.

सुनावणीला आबा चापान घालून आले. डोक्यावर पांढरा कल्पाक, दाढी धुतलेली. जिल्ह्याच्या सभागृहात पुढच्या रांगेत बसले आणि ओळखीच्यांना सांगत राहिले, "आज माझा भाचा बोलणार आहे."

समितीच्या अध्यक्ष एक मध्यमवयीन बाई होत्या, चष्मा, गळ्यात गरम शाल. त्यांनी पाण्याच्या तपासणीचं वाचलं. पाणी खराब होतं, आम्हाला ठाऊकच होतं ते. मग कारखान्याचा वकील उठला. तो तोच, फोनवाला.

"बाई, हे प्रकरण राहिलेलंच नाही. गावच्या पंचांपुढे समेट झालाय." त्यानं भिंतीवर चित्र लावलं. आमचं अंगण. आमची चूल. आबांचे तळवे. जे झालं ते पाण्याबरोबर जाऊ दे, आबांचा आवाज सभागृहात घुमला. चित्राच्या कोपऱ्यात मी झाकण उचलायला वाकलेली दिसत होते.

आबा हसत मान डोलवत होते. त्यांना अजून कळलं नव्हतं. ते उठून म्हणाले, "बरोबर आहे. यानं घोडा आणला, चापान आणला. म्हणजे चूक पदरात घेतली. आता नुकसानीचं बोलायचंय. बोल बाळा."

एल्दियार उठला नाही. वकीलच म्हणाला, "चूक वगैरे काही नाही. भाच्यानं मामाला एक घोडा दिला. देऊ नये का?"

थोडी माणसं हसली. आबा उभेच राहिले. त्यांनी एल्दियारकडे बघितलं, आणि एल्दियारनं फोनकडे.

मला काय झालं कोण जाणे. इतकी वर्षं मी आबांसमोर आवाज चढवला नव्हता. मी उठले आणि म्हणाले, "बाई, भेट असेल तर समेट नाही झाला. आणि समेट झाला असेल तर ती भेट नव्हती, गुन्ह्याची कबुली होती. दोन्हीपैकी एक काय ते त्यांनी सांगावं. घोडा एकच आहे."

बाईंनी चष्मा काढला. सभागृहात कोणीतरी "वा!" म्हणालं. त्या क्षणी मला बोअरचं पाणी दिसायला लागलं होतं, खरंच सांगते.

"नोंद करायची तर नीट सांगा," बाई म्हणाल्या. "चित्रात दुवा देतायत ते कोण? आणि त्यांना तुमच्या तक्रारीच्या वतीनं बोलायचा अधिकार होता का? नाव घेऊन सांगा."

मी कुबातकडे बघितलं. मुलाला बापाचं नाव घेता येतं. त्याला कसलीच आडकाठी नाही. त्यानं फक्त उठून दोन शब्द बोलायचे होते. तो मांडीवर कल्पाक ठेवून त्याची कड बोटानं सरळ करत होता. मी त्याला ढोसलं. त्यानं कड सरळ करणं चालू ठेवलं.

"बोरुबाय," मी म्हणाले. "चित्रात बोरुबाय आहेत. त्यांना अधिकार नव्हता. तक्रार माझी आणि कुबातची आहे."

मागच्या रांगेतून जिपारकाकूचा श्वास ऐकू आला. गावातली सगळी माणसं माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी भर सभेत डोक्यावरचा रुमाल काढून टाकला होता. आबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांचा कान मात्र लाल झाला होता.

बाई त्यांच्याकडे वळल्या. त्यांचा आवाज मऊ होता, मला वाटतं त्यांना खरंच मदत करायची होती. "आजोबा, तुम्हीच सांगा. तुम्हाला फसवून दुवा घेतली का? तसं म्हणा, मी लिहून घेते. ती मागे घेतलीत असं धरता येईल."

चापानाची बाही आबांच्या बोटांपर्यंत आली होती, ती त्यांनी मागे सारली.

"दुवा मागे घेत नाहीत," ते म्हणाले. "दिली म्हणजे दिली. मी तळवे वर केले तेव्हा मला कुणी धरून केले नव्हते. त्यानं खोटं केलं असेल तर ते त्याच्याकडे. मी खोटं करणार नाही."

"आजोबा, याचा अर्थ समेट झाला असा होतो."

"अर्थ तुमचा तुम्ही लावा."

बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, मग चष्मा लावला आणि लिहिलं. समेट घरच्या कर्त्यानं केला, मुलानं हरकत घेतली नाही, तक्रार निकाली. सरकारचा पैसा परत मागायचं कारण उरलं नाही. वकिलानं वाकून आबांचे आभार मानले. जिन्यात एल्दियार कुबातच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "मनात ठेवू नकोस रे. पुढच्या वर्षी विस्ताराला आणखी अनुदान मंजूर होतंय. रशियाला कशाला जातोस, फाटकावर माणूस लागणारच आहे." आणि माझा हा नवरा, ज्यानं मेलेल्या शिंगराचं तोंड पुसलं होतं, तो म्हणाला, "बघू."

गाडीत बसून आम्ही परत निघालो. मला राग कुणाचा यावा तेच कळेना. भाच्याचा तर होताच. पण एका माणसाला आपली मान ताठ ठेवायची होती, दुसऱ्याला आपली मान खाली घालायची होती, आणि दोघांच्या मध्ये माझ्या घोड्या तहानलेल्या राहिल्या. त्यात मी माझी रीतही मोडून बसले होते, फुकट.

अंगणात करडा घोडा सकाळपासून बांधलेला होता. आम्हाला बघून खूर आपटायला लागला. रिकामी बादली त्यानं लाथेनं पाडली होती.

आबा चापान न काढता त्याच्याजवळ गेले. माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "घोड्याला पाणी दे."

मी बादली उचलली. कावड नाही घेतली. ओढ्यावर गेले, बादली बुडवली, तरंगणारे केस हातानं बाजूला केले नाहीत, आणि आणून ती आबांच्या पायाशी ठेवली.

"हे तो पीत नाही," ते म्हणाले.

"पिईल," मी म्हणाले. "तुम्ही दुवा दिलीत ना."

घोड्यानं नाक खाली नेलं आणि मान फिरवली. आबा त्या निळसर पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बादली तिरपी करून पाणी मातीत ओतलं, दुसऱ्या हातात कावड घेतली आणि विहिरीच्या वाटेला लागले. कावड कशी धरतात तेही त्यांना ठाऊक नव्हतं. काठी मानेवर आडवी, निळा चापान पायांत येतोय, कलाबतूवर चिखल. कुंपणामागून जिपारकाकू बघत होती, तिच्या पलीकडची घरंही बघायला लागली होती. गावाचा आक्साकाल पाणी आणायला निघाला होता.

"अगं, जा ना," कुबात दबक्या आवाजात म्हणाला. "धाव, घे त्यांच्या हातातून. लोक बघतायत."

"तू जा," मी म्हणाले.

तो गेला नाही. मीही गेले नाही. मी शिंगरं लावली, बादली गुडघ्यावर टेकवली आणि घोड्या पिळायला बसले.